पेंढीचा शेवटचा वेढा

ऑइस्टिन्स, ९ फेब्रुवारी

आयान्थी,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देतेस. आता हे पाकीट न फोडता चुलीत घालशील तर घाल, पण मी लिहिणार आहे. आज सकाळपासून मी एका जागी बसलेली नाही. काटे काढताना दोनदा बोट कापलं, माझं, जिचा हात ऑइस्टिन्सच्या बाजारात सगळ्यात साफ चालतो म्हणतात.

तुमच्या लोकांनी आईला साखळीनं बांधून ठेवलंय. म्हणजे होडीला. ऑर्व्हिलनं नवी होडी घेतली तेव्हा तिला आईचं नाव दिलं, 'क्लोटेल', निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत. सासूचं नाव होडीला देणारा बार्बाडोसमधला हा पहिलाच जावई असेल. ती होडी आता तुमच्या टोबॅगोत, स्कारबरोच्या धक्क्यावर कुलूप लावून उभी आहे आणि माझा नवरा तिथेच कोठडीत आहे. हे तुला माझ्याआधी कळलं असणार. वायरलेसवरून तटरक्षकांना बोलावणारा दुसरा-तिसरा कुणी नव्हता, तुझा नवरा अल्रिक होता.

आपल्या सायबर्टला, तोच चुलतभाऊ जो चर्चमध्ये घोरायचा, त्यांनी सोडलं. तो फक्त मजुरीवर गेला होता ना. काल तो इथे येऊन बसला, चहा निवला तरी प्यायला नाही.

"व्हेल्डा, देवाशपथ सांगतो," म्हणाला, "पाच-सहा दिवस मासा नाही. आमच्या पेंढ्या नुसत्या तरंगत होत्या, खाली अंडी घालायला एक मासा आला नाही. त्यातली एक रात्रीत सुटून गेली. सकाळी ऑर्व्हिलला दुर्बिणीतून लांब एक पेंढी दिसली. म्हणाला, ती बघ आपली, बायकोचीच गाठ आहे. आम्ही गेलो मागे. खाली मासा इतका की पाणी दिसेना."

"आणि दोन देशांमधली रेषा?"

"रेषा काय पाण्यावर आखलीय?"

तेवढ्यात अल्रिकची होडी आली म्हणे, आणि तो वायरलेसवर ओरडायला लागला: "तिकडून तेलवाले हाकलतात, इकडून तुम्ही लुटता! मी काय आता अंगणात जाळं टाकू?" पेंढी त्याची होती. तू बांधलेली.

आता दोन आरोप आहेत. एक, रेषा ओलांडून मासे धरले. दुसरा त्याहून वाईट, दुसऱ्याच्या पेंढीखालचा मासा जाणूनबुजून काढला. चुकून गेला असं ठरलं तर दंड करून सोडतील. चोरी ठरली तर तुरुंग, आणि होडी सरकारजमा. अल्रिकनं पोलिसांना लिहून दिलंय की बायकोची गाठ मी डोळे मिटून ओळखतो, आणि कुणाही कोळ्यानं ओळखली असती.

आयान्थी, आपण दोघी एकाच अंगणात, एकाच आईकडून पेंढी बांधायला शिकलो. तेव्हा उसाचं पाचट असायचं, आता इथेही उसाच्या जागी बंगले आलेत म्हणून नारळाच्या झावळ्या. पण हात तेच. तुझी आणि माझी पेंढी शेजारी ठेवली तर देवालाही ओळखू येणार नाही. एवढंच तू कोर्टात येऊन सांग.

आईच्या मयताच्या जेवणाला अल्रिक काय म्हणाला ते मी विसरलेली नाही. "उडता मासा आमच्याकडचा, आणि नाण्यावर छापता तुम्ही!" ऑर्व्हिलनं त्याचं भरलेलं ताट उचलून बाहेर पायरीवर ठेवलं. तू त्या ताटामागोमाग गेलीस ती गेलीसच. कुणाचं बरोबर होतं ते नंतर ठरवू. आधी ये.

व्हेल्डा

ऑइस्टिन्स, १३ फेब्रुवारी

आयान्थी,

पहिलं पत्र पोचायच्या आतच दुसरं लिहितेय. त्यात एक गोष्ट मी मुद्दाम लिहिली नव्हती. तुझ्यापुढे हात पसरल्यासारखं होईल असं वाटलं होतं. आता वाटतं, पसरले तर पसरले.

ऑर्व्हिलला साखर आहे. गेली कित्येक वर्षं. डाव्या पायाच्या अंगठ्याजवळ जखम आहे आणि ती भरत नाही. त्याच्या आईचा पाय गुडघ्याखालून कापला होता, तुला आठवत असेल. म्हणून मी रोज सकाळी त्याचा पाय मिठाच्या कोमट पाण्यानं धुते, कोरडा करते, पट्टी बांधते. समुद्रावर गेला की सायबर्टला दम देऊन ठेवते. तो स्वतः हात लावत नाही. म्हणतो, "जे बघायचं नाही ते बघून काय करू?" असा माणूस.

कोठडीत कोण धुणार? मी तिकडे आले तरी मला आठवड्यातून एकदा भेटू देतात, तेही जाळीपलीकडून. तू गावातली आहेस, चौकीतल्या लोकांच्या आया तुझ्या ओळखीच्या असतील. तुला आत सोडतील.

तो तुला बघून तोंड फिरवेल. शिव्याही देईल. तूही दे, त्या बाबतीत तू कधी मागे नव्हतीस. पण पाय धू. पट्टी घट्ट बांधू नकोस. पाण्यात बोट घालून बघ, त्याला चटका कळत नाही, पाय भाजला तरी तो गप्प बसेल.

मला झोप लागत नाही. भांडी घासलेलीच परत घासते. शेजारची मार्व्हा म्हणाली, "बस की गं बाई जरा, तुझ्याकडे बघून मलाच दम लागतो." बसले की पाय दिसतो.

हे वाचून तुला वाटेल, बघा, गरज पडल्यावर बहीण आठवली. वाटू दे. खरंच आहे ते.

व्हेल्डा

ऑइस्टिन्स, १९ फेब्रुवारी

आयान्थी,

ऑर्व्हिलला काल एक फोन करू दिला. इकडचं-तिकडचं बोलला, मग मध्येच म्हणाला, "सकाळी एक बाई येते. पाय धुते, जाते. बोलत नाही."

"कोण बाई?"

"मला काय माहीत कोण."

मी फोन ठेवला आणि माशांच्या टेबलाशी उभी राहून रडले. गिऱ्हाईक म्हणालं, बाई, मासा वाईट आहे का? मी म्हटलं, नाही, मासा ताजा आहे.

तू एक ओळ लिहिली नाहीस. नको लिहूस. धुतेस ना.

आता नवीनच भानगड झालीय. परवा ब्रिजटाऊनहून पिल्ग्रिम म्हणून एक वकीलबाई आल्या, सरकारकडून. करड्या रंगाचा सूट घालून बाजाराच्या ओल्या फरशीवर बिचाऱ्या जपून चालत होत्या. माझ्या टेबलावर त्यांनी नकाशा पसरला. मी म्हटलं, मॅडम, भिजेल. त्या म्हणाल्या, भिजू द्या, आमच्याकडे पुष्कळ आहेत.

"मिस व्हेल्डा, तुमच्या नवऱ्यानं कोर्टात म्हणायचं की तो हक्कानं तिथे गेला. त्याचे वडील जायचे, आजोबा जायचे. आमचे लोक पिढ्यान्‌पिढ्या टोबॅगोसमोर मासे धरतात. देशाचा दावा त्यावर उभा आहे."

"आणि पेंढी?"

"पेंढीचं नाव काढायचं नाही. चुकून गेलो म्हटलं की रेषा मान्य केल्यासारखं होतं."

नकाशावर समुद्रभर चौकोन आखलेले होते, प्रत्येकात आकडा. मी विचारलं, "हे चौकोन माशांचे का?"

"नाही, ते तळाखालचे आहेत," त्या म्हणाल्या आणि नकाशाची ती बाजू दुमडली.

मी कमी शिकलेय, पण आंधळी नाही. तळाखाली तेल आहे, वायू आहे. दोन्ही सरकारांना ते चौकोन हवेत, आणि चौकोनांसाठी भांडायला उडत्या माशाचं तोंड बरं दिसतं. सायबर्ट सांगत होता, तुमच्या बाजूला तेलाच्या तपासणीचं जहाज मैलभर लांब तारा ओढत फिरतं, आणि त्याची पहारेकरी होडी अल्रिकला त्याच्याच जागेवरून पिटाळून लावते. म्हणूनच त्यानं पेंढी इतकी उत्तरेला, रेषेच्या तोंडाशी सोडली. तुझ्या नवऱ्याचा मला अजून राग आहे, पण हे ऐकून तो पहिल्यासारखा पेटत नाही.

खरं सांगू? पिल्ग्रिमबाईंना मी हो म्हणाले होते. त्या सरकारी खर्चानं मोठा वकील देणार होत्या. बाजारातल्या बायका टाळ्या वाजवत होत्या, कुणीतरी झेंडा आणला. मलाही क्षणभर बरं वाटलं, खोटं का बोलू. मग मी विचारलं, असं म्हटलं तर सुटका कधी?

"खटला मोठा होईल. कदाचित बाहेरच्या न्यायालयात जाईल. महिने लागतील. पण तुमचा नवरा देशासाठी..."

"मॅडम, महिने लागले तर त्याचा पाय राहणार नाही."

"आम्ही डॉक्टरांची विनंती करू."

विनंती! मी नकाशा उचलून त्यांच्या हातात दिला. त्यावर माशाचं रक्त लागलं होतं.

पण ऑर्व्हिललाही त्यांनी गाठलंय. फोनवर तो छाती काढून बोलत होता, "माझे आजोबा..." वगैरे. त्याचे आजोबा! ते शिडाच्या होडीतून जायचे आणि अंधार पडायच्या आत घरी यायचे, कारण आजी दार लावून घ्यायची. टोबॅगोचा डोंगरसुद्धा त्यांनी कधी पाहिला नाही.

सुनावणी पंचवीसला आहे. मी येतेय. तू येशील की नाही, सांग. नको, सांगू नकोस, फक्त ये.

व्हेल्डा

ऑइस्टिन्स, २७ फेब्रुवारी

आयान्थी,

तू म्हणशील, मी तिथेच होते, मलाच काय सांगतेस. पण माझ्या बाकावरून काय दिसलं ते तुला माहीत नाही, आणि तू न बोलता निघून गेलीस, म्हणून लिहिते.

तू आलीस तेव्हा आधी मी ओळखलंच नाही. जाड झालीस. मग तू चप्पल घासत चालायला लागलीस आणि ओळखलं. हातात ओल्या झावळ्यांचा भारा, जणू कोर्टात नाही, बंदरावर निघालीस. तू अल्रिकशेजारी बसलीस. बरोबरच आहे.

मॅजिस्ट्रेटबाईंनी पकडलेली पेंढी आणायला सांगितली. पोलिसांनी आणली ती नुसत्या कुजक्या झावळ्या, वाळलेली अंडी चिकटलेली, आणि वास असा की शिपायानं खिडक्या उघडल्या. होडीत ओढून घेताना त्यांनी दोरच कापला होता. गाठ उरलीच नव्हती. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मग दोघी बहिणींनी माझ्यासमोर बांधा. एकमेकींकडे पाठ करून."

तुझ्याकडे पाठ करून बसले तेव्हा झावळी चिरल्याचा आवाज ऐकू येत होता. मी कुठल्या पायरीवर आहे आणि तू कुठल्या, ते मला न बघता कळत होतं. लहानपणी आपण कोण आधी संपवतं म्हणून शर्यत लावायचो. परवाही लावली. तू जिंकलीस, मी आवाजावरून ओळखलं.

मग अल्रिकला उभं केलं. "तुम्ही डोळे मिटून ओळखता म्हणालात. उघडे ठेवून ओळखा."

त्यानं दोन्ही पेंढ्या हातात घेतल्या. उलट्या केल्या, सुलट्या केल्या. मग तुझ्याकडे बघितलं, चांगला बराच वेळ. तू खाली बघत होतीस. आणि त्यानं माझी पेंढी उचलून दाखवली, "ही माझ्या बायकोची."

सगळं कोर्ट हसलं. तुमच्या गावचेच लोक जास्त हसले. कुणीतरी मागून ओरडलं, "अल्रिक, घरी जाताना बायको तरी बरोबर निवड रे!" त्याची चांगलीच फजिती झाली. खरं सांगते, मला गुदगुल्या झाल्या. आईच्या मयतातलं ताट आठवलं आणि वाटलं, फिटलं.

आणि ऑर्व्हिल! पिल्ग्रिमबाई पहिल्या बाकावर वही उघडून बसल्या होत्या. मॅजिस्ट्रेटबाईंनी विचारलं, तुम्ही तिथे कसे गेलात? तो पाय टेकवत उभा राहिला, तुझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "माझ्या आजोबांनी टोबॅगो कधी बघितला नव्हता, बाईसाहेब. मी हक्क सांगायला गेलो नव्हतो. बायकोच्या पेंढीमागे गेलो." पिल्ग्रिमबाईंनी वही मिटली.

दंड झाला, होडी सुटली, माणूस सुटला. तू दारात माझ्याजवळून गेलीस. मी हात पुढे केला. इतक्या वर्षांनी तू मला एकच वाक्य बोललीस, "आई शेवटचा वेढा डावीकडून घ्यायची, तू उजवीकडून घेतेस." आणि गेलीस.

तुझी जित्याची खोड, दुसऱ्याच्या कामात चूक काढायची. मी विमानात बसून रागावले आणि रडले, दोन्ही.

ऑर्व्हिलला थेट इस्पितळात नेलं. दोन बोटं काढावी लागली. पाय वाचला. डॉक्टर म्हणाले, जखम कुणीतरी रोज नीट साफ करत होतं, नाहीतर घोट्यावरून गेला असता.

व्हेल्डा

ऑइस्टिन्स, २ एप्रिल

आयान्थी,

इथे आमच्याशी कुणी धड बोलत नाही. वर्तमानपत्रात आलं की एका कोळ्यानं परक्या कोर्टात देशाचा समुद्र देऊन टाकला. ज्यांनी झेंडा आणला होता त्यांनीच माझ्या टेबलावर खडूनं 'टोबॅगो' लिहून ठेवलं. एकजण येऊन म्हणतो, "मिस व्हेल्डा, मासा कुठला, त्यांचा की आपला?" मी म्हटलं, "तुझ्या बापाचा नाही एवढं नक्की." मार्व्हा सोडून बाकीच्या पाठ करून बसतात. तेलाचं जहाज आता आमच्याही बाजूला दिसायला लागलंय. त्याच्याशी भांडायला खडू घेऊन कुणी जात नाही.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही.

काल सायबर्टसाठी पेंढ्या बांधत होते. शेवटच्या वेढ्याशी हात आला आणि तुझं वाक्य आठवलं. तुला खोटं पाडायचं म्हणून मी बघितलं. उजवीकडून. दुसरी बांधली, उजवीकडून. माझा हात दुसरीकडून जातच नाही. मग तू म्हणालीस तसा मुद्दाम डावीकडून घेतला. दोर वेगळाच बसला, टोक दुसऱ्या बाजूला निघालं. लांबूनसुद्धा ओळखू येतं.

दोन्ही शेजारी ठेवून बघितल्या, आयान्थी.

तुझ्या आणि माझ्या पेंढीत फरक आहे. तू आयुष्यभर डावीकडून घेत आलीस. अल्रिकला तो वेढा माहीत होता, म्हणून तर त्यानं पोलिसांना छातीठोक सांगितलं. आणि कोर्टात दोन्ही पेंढ्या सारख्या निघाल्या. कारण त्या दिवशी तू माझ्यासारखी बांधलीस. पाठ करून, न चुकता, माझ्या बाजूनं. अल्रिकनं तुझा वेढा शोधला, तो सापडला नाही, तेव्हा त्यानं तुझ्याकडे बघितलं. त्याला कळलं तू काय मागतेस. 'यात तिचा वेढाच नाही' असं न म्हणता त्यानं एक उचलली, आणि आपल्याच गावासमोर हसं करून घेऊन ते दिलं. मी मात्र बाकावर बसून म्हणत होते, फिटलं.

मी तशीच उठून आत गेले. ऑर्व्हिल खुर्चीवर पाय ठेवून बसला होता. दोन्ही पेंढ्या त्याच्यासमोर धरल्या.

"यातली माझी कुठली?"

त्यानं एका नजरेत उजव्या वेढ्याच्या पेंढीकडे बोट दाखवलं.

"त्या दिवशी दुर्बिणीतून दिसला होता का हा डावा वेढा?"

"पाण्यात काय दिसतं?"

"ऑर्व्हिल."

त्यानं पाय खुर्चीवरून खाली घेतला. मग म्हणाला, "जवळ गेल्यावर दिसला. पाच दिवस मासा नव्हता, व्हेल्डा. खाली नुसतं चमकत होतं. माझी नाही हे कळलं होतं. आयान्थीची आहे हेसुद्धा कळलं होतं."

"आणि तरी जाळं टाकलंस."

"टाकलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. पाय धुताना एकदाच बोलली. म्हणाली, तू डोळ्यांनी अधू नाहीस, पायानं आहेस. मग रोज येऊन पाय धुतला तिनं."

मी त्याला खूप बोलले. इतकं की मार्व्हा धावत आली. मग ती गेल्यावर त्याच्या पायाची पट्टी बदलली. चोराची पट्टी. पण नवरा माझाच.

ऑर्व्हिल परत समुद्रावर जाईल, पायात बूट चढला की. मी त्याला सांगितलंय, निघण्याआधी प्रत्येक पेंढी हातात घेऊन शेवटच्या वेढ्यावरून बोट फिरवायचं, सायबर्टसमोर. चुकून झालं म्हणायची सोय मी ठेवणार नाही. म्हणून माझा वेढा उजवीकडूनच राहणार. तूही तुझा बदलू नकोस.

अल्रिकला सांग, ऑर्व्हिलनं त्याचं ताट बाहेर ठेवलं होतं, ते मी परत आत आणून मांडते. मक्याचं पीठ आणि भेंडी आहे घरात, कुकू घोटायला हातही आहेत. मासा कुठल्या बाजूचा ते तुम्ही दोघं येईपर्यंत विचारायचं नाही.

आणि तुझं ते वाक्य. आयान्थी, आई शेवटचा वेढा उजवीकडूनच घ्यायची. मी मोठी आहे, मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायचे. तू समोर बसायचीस, म्हणून तुला डावीकडून दिसायचा. पटत नसेल तर ये इथे आणि भांड माझ्याशी.

तुझी बहीण,
व्हेल्डा